महायुद्धातलं टपालखातं: वाचवलेला कागद आणि हंगामी माणसं

टपालहंस (धागाकर्ता)

महायुद्धांचा विषय निघाला की रणगाडे, विमानं, सेनापती यांच्यावर भरभरून लिहिलं जातं. पोस्टावर मात्र क्वचितच कुणी लिहितं, म्हणून हा धागा काढतोय. मुख्यतः ब्रिटनच्या जनरल पोस्ट ऑफिसबद्दल लिहितोय, बाकीच्या देशांचं ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला प्लीज.

१९१४ साली या खात्यात अडीच लाख माणसं कामाला होती, तेव्हा जगातल्या सगळ्यात जास्त नोकर असलेल्या संस्थांमध्ये ते गणलं जायचं. पत्रं, पार्सलं, तारा, टेलिफोन, बचत बँक, म्हाताऱ्यांचं पेन्शन, सगळं तिथूनच चालायचं. युद्ध सुरू झाल्यावर त्यातले सुमारे ७५ हजार पुरुष लष्करात गेले. पोस्टातल्या लोकांची स्वतःची एक पलटणच होती, पोस्ट ऑफिस रायफल्स नावाची, तिच्यातले अठराशेच्या आसपास परत आलेच नाहीत. म्हणजे एका बाजूला हात कमी झाले आणि दुसऱ्या बाजूला काम कैक पटींनी वाढलं, कारण आता प्रत्येक घरातून फ्रान्सला पत्र जायला लागलं.

मग भरती झाली ती हंगामी, आणि त्यात बहुतेक बायका. पहिल्या दोन-सव्वादोन वर्षांतच पस्तीस हजारांवर बायका तात्पुरत्या जागांवर घेतल्या. सॉर्टिंगला बायका, पत्रं वाटायला बायका, तारा पोचवायला पोरी. पत्रं वाटणाऱ्यांना निळ्या सर्जचा कोट-स्कर्ट आणि हॅट असा युनिफॉर्म मिळाला. सैनिकांच्या टपालासाठी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पाच एकरांवर एक लाकडी शेड उभारली, होम डेपो म्हणायचे तिला. अडीच हजार माणसं, त्यात बायकाच जास्त. काम ऐन जोरात असताना आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं आणि १० लाख पार्सलं तिथून हलत होती. सगळ्या युद्धात मिळून दोनशे कोटी पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं झाली.

यातलं काम कसलं होतं बघा. पाकिटावर सैनिकाचं नाव, नंबर आणि पलटण एवढंच, गावाचं नाव नाही, कारण पलटण कुठे आहे हे शत्रूला कळायला नको. पलटणी तर आज इथे आणि उद्या तिथे. त्यामुळे कुठली पलटण कुठे हलली याच्या ताज्या याद्या लष्कराकडून येत राहायच्या आणि त्याप्रमाणे थैल्या फिरवायला लागायच्या. तिथून लॉऱ्यांनी बंदरावर, बोटीने ला हाव्र, बूलोन नाहीतर कॅलेला, पुढे रेल्वेने, आणि शेवटी रेशनच्या गाड्यांवर पाव आणि टिनांच्या बरोबर खंदकापर्यंत. लंडनहून निघालेलं पत्र साधारण दोन दिवसांत पोचायचं, तेही तोफा चालू असताना.

आता माझ्या मनात जे घोळतंय ते सांगतो. कागद कसा वाचवला, तिकिटं कशी बदलली याच्या नोंदी मिळतात, संग्राहकांनी ते सगळं नीट जपून ठेवलंय. पण ही पत्रं ज्यांच्या हातून गेली त्या हंगामी लोकांची नेमणूकच मुळात युद्ध चालू असेपर्यंतची होती, आणि पुरुष परत आल्यावर त्यांना घरी पाठवलं. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय आणि मला ते खटकतं.

शाईदौत

मस्त विषय. मी तिकिटंवाला आहे तर कागदाच्या बाजूने लिहितो, माणसांकडे नंतर येऊ.

कागदाची खरी ओढाताण दुसऱ्या महायुद्धात झाली. ब्रिटनला कागदासाठी लाकडाचा लगदा यायचा स्कँडिनेव्हियातून आणि एस्पार्टो नावाचं गवत स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला तिथून लगद्याचा रस्ता बंद होत गेला आणि मग गिरण्या गव्हाचा पेंढा, रद्दी, जे मिळेल ते वापरायला लागल्या. वर्तमानपत्रं चार पानांवर आली. १९४२ मध्ये तर कागद जाळणं किंवा फेकून देणं हा कायद्याने गुन्हा झाला.

पोस्टाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे इकॉनॉमी लेबल. आलेलं पाकीट फाडायचं नाही, सुरीने एका कडेने अलगद उघडायचं, मग जुन्या पत्त्यावर एक गम लावलेली चिठ्ठी चिकटवायची, तीच चिठ्ठी कडेवरून दुमडून पाकीटही बंद करायची आणि वर नवीन पत्ता. असं एकच पाकीट अनेकदा फिरायचं. माझ्याकडे एक आहे त्याच्यावर तीन चिठ्ठ्यांचे थर आहेत, उजेडाला धरलं की खालचे पत्ते अंधुक दिसतात. एका वकिलाच्या ऑफिसातून निघून दुकानदाराकडे, तिथून कुठल्यातरी संस्थेकडे असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. लिलावात असल्या पाकिटांना फार भाव येत नाही पण माझ्या दृष्टीने संग्रहातली ती सगळ्यात मोलाची चीज आहे.

शाईसुद्धा वाचवली. सहाव्या जॉर्जची (तेव्हाचा ब्रिटिश राजा) अर्ध्या पेनीपासून तीन पेनीपर्यंतची तिकिटं १९४१-४२ मध्ये एकदम फिकट झाली. पूर्वीचा गडद हिरवा आणि शेंदरी रंग शेजारी ठेवून बघा, लगेच कळतं. डिझाइन तेच ठेवलं, फक्त पार्श्वभूमीचा रंग हलका केला.

आणि सर्वात भारी काम दक्षिण आफ्रिकेने केलं. तिथे युद्धकार्यावर नर्स, वैमानिक, खलाशी वगैरे चित्रांची मोठी तिकिटं निघाली होती. १९४२ मध्ये कागद पुरेना तेव्हा तीच चित्रं घेऊन अगदी चिमुकली तिकिटं छापली, जगभर ती बँटम म्हणून ओळखली जातात. एवढ्या बारीक तिकिटांना चारी बाजूंनी भोकं पाडणं अवघड, म्हणून दोन किंवा तीन तिकिटांचा एक गट करून त्याच्या बाहेरून नेहमीसारखी भोकं आणि आत तिकिटा-तिकिटांमध्ये नुसत्या बारीक चिरा. टोकदार काही लावायची गरज नाही, बोटाने वेगळी होतात.

गोदाकाठ

शाईदौत, आपल्याकडचंही सांगा की. नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भारताची तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागले. १९३७ ला सहाव्या जॉर्जची जी मालिका आली त्यात दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत टपालाचीच चित्रं होती, डाकेचा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, आगबोट, मोटारलॉरी, विमान. आडवी, मोठी, बघत राहावीत अशी. युद्ध लागलं आणि १९४० ते ४३ च्या दरम्यान त्यातल्या बहुतेक किमतींची तिकिटं छोट्या उभ्या आकारात आली, नुसता राजाचा चेहरा. हरकारा गेला, टांगा गेला, उंटही गेला. एका शीटमध्ये कितीतरी जास्त तिकिटं बसायला लागली.

आमच्या घरात दोन्ही मालिका आहेत, आजोबांनी जमवलेल्या. लहानपणी मला त्या युद्धातल्या छोट्या तिकिटांचा कंटाळा यायचा, सगळी एकसारखी. ती तशी का आहेत हे कळल्यावर आता उलट त्याच पानावर जास्त वेळ जातो. तेव्हा इथेही कागदावर कंट्रोल होता, गिरण्यांचा बराचसा माल सरकारकडे जायचा, छापखाने आणि मासिकं कागदासाठी वणवण करत होती, त्याच कागदाच्या टंचाईत ही तिकिटं छापली गेली आहेत.

रानजाई

खूप छान माहिती सगळ्यांची. मला एक विचारायचंय. फोटो काढून पत्र पाठवायची एक पद्धत होती ना दुसऱ्या युद्धात? तीपण कागद वाचवायलाच का?

टपालहंस

रानजाई, ती एअरग्राफ. तिथे कागदापेक्षा वजनाचा प्रश्न होता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रातून टपाल नेणं धोक्याचं झालं. इजिप्तमधल्या ब्रिटिश सैनिकांची पत्रं मग आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून केपमार्गे जायला लागली, म्हणजे महिनोन् महिने. विमानं होती पण त्यांत जागा किती असणार.

तेव्हा कोडॅक कंपनीचं तंत्र वापरलं. ठरलेल्या फॉर्मच्या एकाच बाजूला पत्र लिहायचं, वर पत्ता मोठ्या सुट्या अक्षरांत. तो फॉर्म सेन्सॉर होऊन यायचा, त्याचा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो काढायचे, ती फिल्म विमानाने पाठवायची आणि दुसऱ्या टोकाला तळहाताएवढ्या कागदावर प्रिंट काढून खिडकीवाल्या पाकिटात घालून वाटायचं. १७०० साधी पत्रं म्हणजे ५० पौंड वजन, फिल्मवर तेवढीच पत्रं ५ औंसांत बसायची. मूळ फॉर्म लगेच नष्ट करत नसत. विमान पडलं तर पुन्हा फोटो काढून पाठवता यायचं, ही मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, कारण बुडालेल्या बोटीतलं पत्र काही परत येत नाही.

कैरोहून पहिली एअरग्राफ एप्रिल १९४१ मध्ये निघाली, ब्रिटनमधून जाणारी सेवा ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि पहिलं पत्र राणी एलिझाबेथने मध्यपूर्वेतले ब्रिटिश सरसेनापती जनरल ऑकिनलेक यांना लिहिलं होतं. (ही एलिझाबेथ म्हणजे सहाव्या जॉर्जची राणी.) सैनिकांना तीन पेन्स, नागरिकांना आठ पेन्स. १९४२ मध्ये भारतातही ही सोय आली. अमेरिकेने हीच पद्धत जून १९४२ पासून व्ही-मेल म्हणून चालवली, तिथे दीड लाख एकपानी पत्रांना ३७ थैल्या लागायच्या ते काम एका थैलीत व्हायला लागलं.

पण इथेही बघा, फोटो आणि फिल्म हा झाला यंत्राचा भाग. आलेले फॉर्म सरळ करून, पत्ते वाचून, गठ्ठे लावून देणारे आणि तिकडे ओल्या प्रिंटांचा रोल कापून पाकिटात भरणारे हातच लागायचे, आणि ते पुन्हा बहुतेक बायकांचे.

मिडलंड्सची_मीरा

मी बर्मिंगहॅममध्ये राहते, त्यामुळे हे लिहायलाच हवं. अमेरिकी सैन्याची ६८८८ वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन फेब्रुवारी १९४५ मध्ये इथे आली. ८५५ बायका, जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय, कमांडर मेजर चॅरिटी अॅडम्स. राहायला एजबॅस्टनमधली किंग एडवर्ड्स शाळा दिली होती. ती पोस्टखात्याची नव्हे तर सैन्यातलीच तुकडी, पण टपालखोळंबा सोडवायला खास आणलेली, म्हणून इथे सांगतेय.

युरोपातल्या अमेरिकी सैनिकांचं टपाल इथल्या गोदामांत छतापर्यंत साठलं होतं, एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास नग असं सांगतात. खिडक्या ब्लॅकआउटसाठी रंगवलेल्या, हीटिंग नाही, त्या मुली कोट घालून काम करायच्या. पार्सलांमधले केक सडलेले आणि त्यावर उंदीर जमलेले. पत्त्यावर नुसतं टोपणनाव, किंवा नाव बरोबर पण एकाच नावाचे हजारो. रॉबर्ट स्मिथ नावाचेच साडेसात हजार सैनिक होते. त्यांनी सत्तर लाखांवर कार्डांची सूची केली, नंबरावरून माणूस शोधायचा, तो कुठल्या तुकडीत आहे, जखमी आहे का, गेला आहे का. तीन पाळ्यांत चोवीस तास, एका पाळीत ६५ हजार नग. सहा महिने दिले होते ते काम तीन महिन्यांत संपवलं आणि मग त्यांना फ्रान्समध्ये रूआँला पाठवलं.

मार्च १९४६ मध्ये बटालियन बरखास्त झाली. घरी परतल्यावर ना मिरवणूक ना सत्कार. अमेरिकी काँग्रेसने सुवर्णपदक मंजूर केलं ते २०२२ साली, तोपर्यंत त्यातल्या बहुतेक बायका हयातच नव्हत्या. टपालहंस, तुम्हाला जे खटकतं तेच मलाही त्या शाळेवरून जाताना खटकतं.

सडेतोड

धागा चांगला आहे पण मला थोडं वेगळं वाटतं. पहिलं युद्ध झालं नसतं तर पोस्टातल्या या बायकांना ही कामं मिळालीच नसती. युनिफॉर्म, पगार, घराबाहेर हक्काने फिरणं, हे सगळं त्या चार वर्षांत मिळालं. पुढे १९१८ मध्ये तिशीच्या वरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं त्यात या कामाचा वाटा नाही का? सैनिक परत आल्यावर त्यांची जागा त्यांना परत देणं यात अन्याय तो काय? चार वर्षं चिखलात राहून आलेल्या माणसाला जागा भरली असं सांगायचं का?

टपालहंस

सडेतोड, परत आलेल्या पोस्टमनला त्याची जागा मिळायलाच हवी होती, त्यात मला काडीची शंका नाही. पण युद्धामुळेच बायका पोस्टात आल्या हे पटत नाही. १८७० मध्ये सरकारने खाजगी तार कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तारयंत्रावर काम करणाऱ्या मुली पोस्टात आल्याच. खेड्यापाड्यांत पत्रं वाटणाऱ्या बायका त्याआधीपासून होत्या. म्हणजे त्यांना काम येतं हे खात्याला चाळीस वर्षं माहीत होतं. तरीही १८७६ पासून नियम असा की लग्न झालं की नोकरी सोडायची. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा लग्न झालेल्या बायकाही हंगामी म्हणून चालल्या आणि युद्ध संपल्यावर तोच नियम होता तिथे. तो उठला १९४६ मध्ये, म्हणजे दुसरं युद्ध होऊन गेल्यावर. आणि समान पगाराचा निर्णय १९५५ चा, तोही हप्त्याहप्त्याने लागू होऊन १९६१ मध्ये पुरा झाला.

युद्ध संपल्यावर माणसांच्या बाबतीत सगळं पूर्वीसारखं करायचं असंच धोरण होतं. माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

खडूफळा

सडेतोड आणि टपालहंस दोघांचंही पटतंय. मला एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर येते. पहिल्या युद्धात अधिकारी मेला तर घरी तार यायची आणि साधा सैनिक मेला तर लष्कराचा छापील फॉर्म पोस्टाने यायचा, बी १०४-८२ नंबरचा, त्यात नाव-नंबर-तारीख हाताने भरलेली. ते पाकीट घेऊन दारात जाणारी कोण, तर बहुतेक वेळा हीच हंगामी पोस्टवुमन. तिच्याच गल्लीतली घरं, तिच्याच ओळखीची माणसं, आणि कदाचित तिचाही नवरा किंवा भाऊ तिकडेच. पाकीट बघून तिला आत काय आहे ते कळत असणार. या कामाचं कुठलं ट्रेनिंग असतं? आठवड्याचा पगार देऊन खात्याने तिच्याकडून जे करून घेतलं त्याची किंमत कुठल्याच हिशेबात नाही.

रानजाई

खडूफळा, वाचून गलबलून आलं. आणि सैनिकाला घरी कळवायचं असेल तर तोही छापील फॉर्मच ना?

शाईदौत

हो, फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड. त्यावर आधीच वाक्यं छापलेली, मी ठीक आहे, मला हॉस्पिटलात दाखल केलंय, तुमचं पत्र मिळालं, फार दिवसांत पत्र नाही वगैरे. जे लागू नाही ते खोडायचं, खाली सही आणि तारीख. त्याशिवाय एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकायचे, तशी सूचनाच वर छापलेली असायची. सेन्सॉर करणाऱ्या अधिकाऱ्याला वाचत बसायला लागत नसे आणि कार्ड लवकर निघायचं. भारतीय सैनिकही हेच कार्ड वापरायचे, त्यांच्यासाठी भारतीय भाषांत छापलेली कार्डं होती.

त्याच युद्धात एक मोठी गोष्ट कायमची गेली ती राहिली सांगायची. १८४० पासून ब्रिटनमध्ये साधं पत्र एका पेनीत जात होतं, टपालसुधारक रोलंड हिलची योजना, सगळ्या जगाने नंतर उचलली. ३ जून १९१८ ला दर दीड पेनी झाला. त्यानंतर पुन्हा एका पेनीवर कधीच आला नाही.

गोदाकाठ

आपल्याकडच्या हंगामी स्टाफबद्दल कुणी लिहील का? दुसऱ्या युद्धानंतर जुलै १९४६ मध्ये पोस्टमन आणि खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांचा देशभर संप झाला, मुंबईत त्याला पाठिंबा म्हणून २२ जुलैला मोठा बंद पाळला गेला. महागाईने लोक टेकीला आले होते. घरातल्या जुन्या माणसांकडे, विशेषतः टपालात किंवा तारखात्यात काम केलेल्यांकडे, त्या काळातले नेमणुकीचे कागद किंवा आठवणी असतील तर इथे टाका. फोटो टाकताना नावं-पत्ते झाकायला विसरू नका.

टपालहंस

गोदाकाठ, चांगलं सुचवलंत. त्या संपावर वेगळा धागा निघावा एवढा तो विषय मोठा आहे, तुम्हीच काढा, मी माझ्याकडचं तिकडे लिहितो. मीरा, त्या गोदामांपैकी काही अजून उभं आहे का, जमलं तर बघून सांगाल?